रक्तप्रवाह दिसत नाही

घड्याळवाला खाली वाकला तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात चहाचा कागदी कप होता. वाकायचं कारण अगदीच क्षुल्लक. त्याच्या फायलीतला एक कागद निसटून बाकाखाली गेला होता आणि तो काढायला त्याने डोकं पार गुडघ्यांपर्यंत खाली नेलं होतं. कागद काही हाताला लागेना. तो तसाच वाकून चाचपत राहिला, दहा सेकंद, पंधरा सेकंद, आणि त्याच्यासमोरून जाता जाता बाई जागच्या जागी थांबल्या. त्याचा उजवा गाल भरून येत होता. जबड्याच्या कोपऱ्यावरचा भाग आधी गोलसर झाला, मग ताणला गेला, मग कातडीखाली निळसर झाक दिसायला लागली. कागद सापडला, तो उठून बसला, आणि बाईंनी मनातल्या मनात आकडे मोजायला घेतले. वीसपर्यंत पोचायच्या आत गाल जवळजवळ होता तसा झाला. "नमस्कार मॅडम," तो ओळखीचं हसला. "आज आहे ना माझं. साडेदहाला." बाईंनी मान हलवली. चहा अंगठ्यावर सांडून अंगठा भाजला आहे, हे त्यांना आपल्या खोलीत आल्यावर कळलं.

खोली म्हणजे तळमजल्यावरची सोनोग्राफीची अंधारी खोली. पडदे कायम ओढलेले, एसी कायम गरजेपेक्षा थंड, भिंतीला टेकून अरुंद पलंग, त्याच्या उशाला मशीन आणि मशीनपुढे बाईंचं फिरतं स्टूल, ज्याचं एक चाक गेली दोन वर्षं रुसून बसलेलं. या खोलीत बाईंनी अठरा वर्षं काढली होती. पोटं पाहिली, गळे पाहिले, मूत्रपिंडातले खडे पाहिले, आणि रिपोर्ट लिहिताना त्या कधी अडखळल्या नाहीत. बाकीचे डॉक्टर 'असू शकेल', 'नाकारता येत नाही' अशी शेपटं जोडून स्वतःची कातडी वाचवतात. बाई एक तर आहे लिहीत, नाही तर नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या फारसा लपवतही नसत. "पाच मिनिटं कुणाला आत सोडू नका," त्यांनी मावशींना सांगितलं. पेशंटना आतबाहेर करणं, चादर बदलणं आणि मॅडमचा मूड दारातूनच ओळखणं ही मावशींची कामं. मावशींनी तो ओळखला आणि काही न विचारता दार लोटून घेतलं. बाईंनी तीन दिवसांपूर्वीची चित्रं पडद्यावर काढली. उजव्या गालातला चावायचा स्नायू, दात आवळले की कानाखाली जो टणक उमटतो तो. त्यात मधोमध एक करडा लांबट डाग. डागात दोन पांढरे ठिपके. डागावर रंगाची चौकट ठेवलेली, आत वाहतं रक्त असेल तर ती लाल-निळी चमकते, चौकट रिकामी. आणि खाली बाईंचं स्वतःचं वाक्य: स्नायूत घट्ट गाठ, आत चुन्याचे दोन कण, रक्तप्रवाह दिसत नाही, तुकडा काढून तपासावा.

वाकल्यावर भरणारी आणि उठल्यावर ओसरणारी गाठ घट्ट नसते. हे शिकाऊ पोरांनाही पाठ असतं. तो रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, स्नायूच्या धाग्यांत वर्षानुवर्षं लपून बसलेला. त्यातून रक्त धावत नाही, रेंगाळतं, साचतं. म्हणून मशीनची वेगाची पट्टी अगदी खाली आणल्याशिवाय रंग उमटत नाही. साचलेल्या रक्ताच्या गुठळ्या तिथेच पडून पडून खडे होतात, तेच ते दोन पांढरे ठिपके. आणि वरून दाबलं की सगळा गुंता रिकामा होतो, उरतो नुसता करडा चोथा, घट्ट गाठीसारखा दिसणारा. दाबणारा हात कुणाचा होता हे बाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ बावन्न झाले होते. साडेदहाला वरच्या मजल्यावर सर्जन त्या माणसाचं तोंड उघडून, गाल आतून नुसता बधिर करून, छेद देणार होता. दहा मिनिटांचं काम. रक्ताची सोय केलेली नसणार, कारण रिपोर्टात रक्तच नव्हतं. छेदातून ते सुरू झालं की थांबवायला आत आंधळेपणाने चिमटे घालावे लागतील, आणि चेहरा हलवणारी नस त्याच स्नायूवरून पसरलेली असते. बाईंनी स्वतःच्या गालावर बोटं ठेवून दात आवळले, सोडले, पुन्हा आवळले. हा माणूस उद्या हसला तर एकाच बाजूने हसेल. तेसुद्धा नशीब चांगलं असेल तर.

त्यांच्या शिकायच्या दिवसांत एक सर होते, बारीक अंगाचे, तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी ते प्रत्येकापुढे स्वतःचं मनगट धरत आणि म्हणत, कातडीखालची ही शीर दाखवा मला. हिरवी, उघड्या डोळ्यांना दिसणारी शीर. त्यात काय अवघड? आणि एकेक जण मनगटावर प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, टेकवून पडद्यावर शोधशोध शोधायचा आणि शीर काही सापडायची नाही. "नाहीये सर," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. आजच्यासारख्याच, ठामपणे. "नाहीये कशी? समोर दिसतेय ना? तू दाबून टाकलीस तिला. हात उचल. अजून उचल. जेलीवर तरंगू दे." आणि हात उचलता उचलता ती काळी, इवली, गोल भोकासारखी शीर पडद्यावर उघडली होती. बाईंना तेव्हा विलक्षण आनंद झाला होता, तो त्यांना आता जसाच्या तसा आठवला. हात जड कधी झाला? एका दिवसात झाला नसणार. जाड पोटं आली, बाहेर रांगा आल्या, आणि दाबलं की चित्र स्वच्छ येतं हे हाताने परस्परच ठरवून टाकलं. पोटाला ते चालून जातं. कुणी तक्रार केली नाही. फार तर एखादी पेशंट म्हणायची, जरा दुखतंय हो, आणि बाई म्हणायच्या, झालंच.

पण तीन दिवसांपूर्वी हात नेहमीपेक्षाही जड होता, कारण सकाळी ताईचा फोन आला होता. थोरली बहीण, आईच्या घरात आता तीच राहते. "आईचं कपाट देऊन टाकते कुणाला तरी," ताई म्हणाली, "खोलीत उभं राहायला जागा नाही. तुला हवंय का?" नको, बाई म्हणाल्या. "बघ हं. नंतर बोलशील." आणि मग, ठेवता ठेवता, दर दोन-चार महिन्यांनी विचारते तसं ताईने विचारलं, "शेवटी काहीच बोलली नाही ना गं आई? तू होतीस तिथे." "ग्लानीत होती. काही बोलली नाही," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून पहिला पेशंट आत घेतला, तो हा. पन्नाशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशात काळं भिंग. आत आल्याआल्या त्याने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे तुमचं चार मिनिटं मागे आहे बघा. घड्याळं दुरुस्त करतो मी, डोळा जातोच." बाई हसल्या नाहीत. त्याला झोपवलं, गालावर जेली घातली, प्रोब टेकवला. तो पुन्हा बोलायला लागला, आणि स्नायू पडद्यावर वळवळायला लागला. "बोलू नका. जबडा हलला की चित्र हलतं." "एकच सांगतो मॅडम, काम करताना ना हा गाल—" "बोलू नका म्हटलं ना." त्याने तोंड मिटलं. चांगल्या घरच्या मुलासारखं, चटकन, जरा वरमून. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस दिवसभर मान खाली घालून बसतो. तो काय सांगणार होता हे आता कुणीही ओळखलं असतं. बाईंनी प्रोब आणखी दाबला होता आणि चित्र अगदी स्वच्छ आलं होतं.

आईसुद्धा अशीच गप्प झाली होती. तीन वर्षं होऊन गेली. मास्क नाकातोंडावर, पलंगाशेजारच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा शहाऐंशी, आणि बाई त्या आकड्याकडे बघत बसलेल्या. मुलगी म्हणून नव्हे, सवय म्हणून. आईने हाताने मास्क बाजूला सारला. "कपाटातलं ते," ती म्हणाली. बाईंनी मास्क परत बसवला, इलॅस्टिक कानामागे नीट सरकवलं, केस त्यात अडकू दिले नाहीत. "बोलू नकोस आई, दम लागतोय. नंतर सांग." आईने मान डोलावली. आकडा एक्याण्णववर गेला आणि बाईंना बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, हे त्या आजही नाकारू शकत नव्हत्या. नंतर म्हणून काही उरलं नाही. पुढे दोघी बहिणींनी कपाट रिकामं केलं तेव्हा ताई प्रत्येक घडी उलगडून, झटकून बघत होती, काही चिठ्ठीबिठ्ठी निघते का म्हणून. निघालं काय, तर बटणांचा डबा, जुने तीन चष्मे, कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. बाई कपाटाच्या दाराला पाठ टेकून उभ्या होत्या आणि तेव्हा सांगता आलं असतं. कपाटाबद्दलच म्हणत होती गं ती. मीच थांबवलं. पण तेव्हा 'काही बोलली नाही' हे सांगून झालं होतं, आणि बाईंचा रिपोर्ट एकदा लिहिला की लिहिला. डॉक्टर म्हणून त्यांनी केलं ते बरोबरच होतं. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा घोकलं होतं की आता ते कुणा दुसऱ्याचंच वाटायचं.

घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी. म्हणजे दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. बाईंनी फोन उचलला. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं आणि ते हुशारीचं होतं, त्यात खोटंही काही नव्हतं. एक तपासणी जास्त मागायची. ती केली की सगळं आपोआप बाहेर येईल, छेद टळेल, वर सगळे म्हणतील, बाईंची नजर बघा. चूक कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. "बोला मॅडम," सर्जनचा आवाज नेहमीसारखा खुशीत होता. "ते साडेदहाचं, घड्याळवाल्यांचं," बाई म्हणाल्या, "आधी एमआरआय करून घ्यायचा का एकदा?" "का हो? तुमचा रिपोर्ट तर अगदी स्वच्छ आहे. घट्ट गाठ, रक्त नाही." "हो, पण आपलं काळजी म्हणून." सर्जन मोठ्याने हसला. "तुम्ही आणि काळजी म्हणून! अहो, तुमच्या रिपोर्टवर मी संशय घ्यायला लागलो तर मला दुकान बंद करावं लागेल. आणि आता घेतलंय त्यांना आत. आधीचा पेशंट आलाच नाही, म्हटलं उरकून टाकू. तुकडा मिळू दे, मग बघू की तुमचा एमआरआय." फोन बंद झाला. बाई तो कानाला लावून तशाच बसून राहिल्या. अठरा वर्षं ज्या वाक्यांना शेपटं लावली नाहीत, तीच वाक्यं आता त्यांना वाटेतून हलू देत नव्हती. कदाचित काही होणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. सर्जनचा हात चांगला आहे. गाठ लहान आहे. असं मनात आलेलं त्यांनी स्वतः ऐकलं, आणि त्यांना स्वतःची भीती वाटली. मावशी दार किलकिलं करून म्हणाल्या, "मॅडम, बाहेर लोक खोळंबलेत," तोवर बाई त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर पडल्या होत्या.

लिफ्ट वरच अडकली होती. तीन मजले जिन्याने चढणं बावन्नाव्या वर्षी सोपं नसतं, आणि बाईंनी पळण्याची हौस शेवटची शाळेत भागवून घेतली होती. दुसऱ्या मजल्यावर पायातली चप्पल निसटली, ती त्यांनी हातात घेतली. आत काय म्हणायचं ते काही केल्या जुळेना. मघाचं वाक्य तेवढं जुळून आलं होतं, हुशारीचं. वरच्या खोलीचं दार त्यांनी खांद्याने उघडलं. घड्याळवाला खुर्चीत अर्धवट आडवा होता, तोंडावर झगझगीत दिवा, दातांमध्ये तोंड उघडं ठेवणारा रबरी ठोकळा. त्याला बोलता येणं शक्यच नव्हतं. त्याचे डोळे मात्र बाईंकडे वळले, आणि त्या हातातल्या चपलेकडेही. सर्जनच्या हातात बधिर करायची सुई होती. "थांबा," बाई म्हणाल्या, आणि दम लागून पुढचं बोलता येईना. "अहो बसा, बसा आधी," सर्जन म्हणाला. "छेद देऊ नका. गाठ रक्ताची आहे." "पण रिपोर्टात—" "रिपोर्ट चुकलाय." खोलीतली नर्स हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. सर्जनने सुई खाली केली, दोन पावलं जवळ आला आणि आवाज उतरवून, खरोखर मायेने म्हणाला, "मशीनने घोटाळा केला असेल. जुनं झालंय ते, मी कधीचा म्हणतोय." सुटकेचं दार उघडून दिलं होतं त्याने, नुसतं त्यातून बाहेर पडायचं होतं. "मशीन चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "मी दाबलं. हात जड पडला माझा, आतलं रक्त पळालं." "आणि हे काही बोलले नाहीत? वाकलं की फुगतो वगैरे?" "सांगत होते. मी बोलू दिलं नाही." खुर्चीतून घशातल्या घशात एक आवाज आला. सर्जनने हातमोजे काढले, एकेक करून, सावकाश. त्याच्या चेहऱ्यावरची खुशी गेली होती. "पाच मिनिटांपूर्वी फोनवर तुम्ही मला हे सांगितलं नाहीत," तो म्हणाला. "नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने घड्याळवाला पुन्हा तळमजल्यावरच्या पलंगावर होता. बाईंनी उशी काढून टाकली आणि त्याचं डोकं पलंगाच्या कडेवरून जरा खाली सोडलं. जेली इतकी घातली की मावशींनी बाटलीकडे पाहिलं. प्रोब त्या जेलीवर नुसता ठेवला, कातडीला लागतो न लागतो असा, आणि मशीनची वेगाची पट्टी खाली, अजून खाली आणली. बाईंनी कोपर पलंगाच्या कडेला टेकवलं आणि वाट पाहिली. पडद्यावरचा करडा चोथा हळूहळू उघडायला लागला. त्यात काळ्या पोकळ्या झाल्या, एकीला लागून दुसरी, आणि पोकळ्यांत बारीक कण आळसावल्यासारखे सरकत होते. रंगाच्या चौकटीत आधी काहीच नव्हतं, मग एका कोपऱ्यात निळं उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. घड्याळवाल्याचे ओठ हलले. "काका, बोलू नका हं," मावशी सवयीने म्हणाल्या, "चित्र हलतं." त्याने चटकन तोंड मिटलं.

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?" त्याने उलट्या डोळ्यांनी वर बाईंकडे पाहिलं. "आता बोलू? चित्र हलेल ना." "हलू दे." तो तरी थोडा थांबला, खरंच बोलायचं ना याची खात्री करून घेतल्यासारखा. "काही विशेष नाही मॅडम. हेच, की काम करताना, खाली मान घातली ना, की हा गाल भरून येतो. आणि ताठ बसलं की जातो." पडद्यावर स्नायू वळवळला, पोकळ्या दबल्या, उघडल्या, निळं इकडचं तिकडे झालं. "आणि?" बाईंनी विचारलं. "आणि काही नाही. एवढंच." एवढंच होतं. पुरतं बोलायला त्याला चार श्वासही लागले नव्हते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण पुसायला हात उचलावा लागला असता आणि आता हात उचलायचा नव्हता, दाबायचाही नव्हता. मावशी भिंतीकडे तोंड करून चादरीच्या घड्या घालत राहिल्या, घातलेल्याच पुन्हा. घड्याळवाल्याला खालून, अंधारात, ते दिसत नव्हतं. "तेवढं घड्याळ मात्र अजून मागेच आहे हं," तो म्हणाला. "जाताना लावून देऊ का?"

दुपारी एमआरआय झाला. त्यात गाठ पांढरीशुभ्र उजळली, स्नायूच्या धाग्यांत तिची टोकं कुठवर गेली आहेत तेही स्पष्ट दिसलं. सर्जन स्वतः खाली येऊन ती चित्रं शेवटपर्यंत बघत बसला. अठरा वर्षांत तो असा कधी आला नव्हता. जाताना म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दोन केसेस आहेत तुमच्याकडे. त्यांची चित्रंही पाठवा. नुसता रिपोर्ट नको." आवाजात राग नव्हता. बाई म्हणाल्या, पाठवते. तो गेल्यावर त्यांनी जुन्या रिपोर्टाखाली नवं लिहायला घेतलं. दोष मशीनवर घातला नाही, शेपूट लावलं नाही. पहिल्या तपासणीत जास्त दाब दिला गेला, असं आधी लिहिलं, मग 'दिला गेला' खोडून 'मी दिला' असं केलं. खाली सही केली.

मग त्यांनी ताईला फोन लावला. "कपाट गेलं का गं?" "उद्या न्यायला येताहेत. का? हवंय का तुला आता?" ताईच्या मागे कुठेतरी नळ चालू होता. "ताई, आई बोलली होती," बाई म्हणाल्या. "कपाटातलं ते, एवढंच म्हणाली. मी मास्क लावला तिला. नंतर सांग म्हटलं." नळ बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ आता बरोबर वेळ दाखवत होतं. त्यात एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, मध्येच काहीतरी बोलायला घेतल्यासारखा अडणारा. बाईंनी फोन कानाशी धरून ठेवला, काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. ताई काय म्हणेल ते ऐकायला त्या थांबल्या.